कडब्याच्या आडोशापुढची रांग

लघवी हा शब्द चारचौघांत मोठ्यानं म्हणायला मी सहावीत असताना शिकले. त्या एका शब्दापायी आमच्या शाळेत जे घडलं ते आजही कुणाला सांगायला बसले की माझा आवाज आपोआप चढतो, हातवारे सुरू होतात आणि समोरचा माणूस हसायला लागतो. हसू दे. मी आता बारामतीत राहते, एका शाळेत खेळ शिकवते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत. मुलींचा खो-खोचा संघ घेऊन कुठंही गेले की सगळे शिक्षक आधी मैदान बघतात, खांब हलवून बघतात, रेषा बघतात. मी आधी मुलींचं स्वच्छतागृह कुठं आहे ते बघते, त्याला पाणी आहे का ते बघते आणि मगच मैदानाकडं वळते. माझ्या मुली यावरून माझी नक्कल करतात, ती मला ठाऊक आहे. पण सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिता आलेली मुलगी मला लांबून ओळखू येते, कारण ती मुलगी एके काळी मीच होते.

आमची वस्ती निरवांगीच्या बाजूला, रस्त्यापासून बरीच आत, कालव्याच्या फाट्यालगत होती. आजोबांच्या काळापर्यंत आमचं घर मेंढरांच्या मागं चालायचं. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि कोकणाकडं उतरायचं, ते पुन्हा पावसाच्या तोंडाला परत. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते चालणं थांबवलं. थोडा ऊस, थोडी ज्वारी, जनावरांपुरती मका आणि दारात मन रमावं म्हणून ठेवलेली काही मेंढरं, एवढं आमचं. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा, फाट्यावरच्या इंजिनाचा टकटकाट आणि आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, या तीन आवाजांत माझी सकाळ व्हायची. आई चालायची भरभर आणि बोलायची कमी. तिचं सगळं बोलणं जणू हौसाआत्याच्या वाट्याला गेलं होतं. आत्या तात्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडंच राहायला आलेली. हुलग्याचं माडगं तिच्यासारखं कुणाला जमायचं नाही. त्यात लसूण ठेचून टाकला की वास पार मेंढरांच्या वाड्यापर्यंत जायचा आणि मी असेन तिथून पळत यायची. पळत यायची म्हणते ते अगदी खरं. मी चालतच नव्हते. शाळेला पळत, ओढ्याला पळत, मेंढरं आडवायला पळत. तात्या म्हणायचे, या पोरीच्या पायात जनावर शिरलंय.

पण त्या पळणाऱ्या पोरीला मधूनच काहीतरी व्हायचं. लघवीला बसलं की आग व्हायची, अशी की ओठ चावून डोळ्यांतलं पाणी थोपवायला लागायचं. पुन्हापुन्हा जावंसं वाटायचं आणि गेलं की थेंब. ओटीपोटात जड दगड ठेवल्यासारखं. कधी ताप यायचा, कधी नुसतीच कणकण. आमच्याकडं याला उन्हाळी लागली म्हणतात. नावातच ऊन असल्यामुळं आत्याचा सगळा उपचार थंडाव्याचा. भिजवलेले धने कुस्करून त्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, सब्जा, ताक. तिखट बंद, शेंगदाणे बंद, गूळ बंद. दोन-चार दिवसांत मला बरं वाटायचं आणि आत्याचा तिच्या धन्यांवरचा विश्वास आणखी वाढायचा. पण मग ऐन थंडीत पुन्हा तेच सुरू व्हायचं. अंगावर घोंगडं घेऊन मी कुडकुडत बसलेली आणि आत्या म्हणायची, उन्हाळी लागलीय. तात्यांनी एकदा न राहवून विचारलं, एवढ्या थंडीत ऊन आलं कुठनं? त्यावर आत्यानं त्यांना बायकांच्या गोष्टीत तोंड घालू नये असं सांगितलं. जास्त झालं की तात्या मला गावातल्या दवाखान्यात न्यायचे. तिथं गोळ्या मिळायच्या, ताप उतरायचा, ताप उतरला की उरलेल्या गोळ्या आई भिंतीतल्या देवळीत ठेवायची, पुढच्या खेपेला होतील म्हणून. पुढची खेप यायचीच.

का यायची, ते कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. आता मला सगळं लख्ख दिसतं. आमची शाळा पुढच्या गावात, रस्त्यानं लांब, शेतातून पळत गेलं तर जवळ. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण तेव्हा सगळीकडच्या शाळा तशाच होत्या. मुलं भिंतीच्या मागं जायची. मुलींसाठी मैदानाच्या कडेला दोन खोल्या बांधलेल्या होत्या, पण त्यांना कायम कुलूप. आत मोडकी बाकं आणि पोरांना खाऊ म्हणून वाटायच्या सुकडीची पोती. शाळेच्या मागं बाभळी होत्या, पण तिथं मुलांचा गोट्यांचा डाव पडलेला असायचा. म्हणून आम्ही मुलींनी न बोलता एक रीत पाडून घेतली होती. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही. शाळेत प्यायचं नाही. शाळा सुटली की पाय आवळून घरची वाट धरायची. मुलं करंगळी वर करून एकीला जाऊ का विचारायची. मुलीनं करंगळी वर केलेली मी कधी पाहिली नाही. आमची करंगळी जणू त्या कामाची नव्हतीच.

त्या वर्षी आमच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ काढायचं ठरलं. इंदापूरला तालुक्याचे सामने होते. निवड व्हायची होती आणि माझी निवड होणार हे सगळ्या शाळेला माहीत होतं, कारण मी हुलकावणी देऊन वळले की पाठलाग करणारी मुलगी सरळ पुढं निघून जायची आणि बघणारे हसायचे. निवडीच्या दिवशी सकाळी मी वेणी घट्ट घालून घेतली, रिबिनी आवळल्या आणि उंबऱ्यातच मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. उजव्या कुशीत मागच्या बाजूनं कुणीतरी मुठीनं दाबतंय असं दुखायला लागलं. मी आईला म्हटलं, काही नाही, जाते मी. दोन पावलं टाकली आणि ओकले. आईनं कपाळाला हात लावला आणि तशीच वळून मळ्याकडं पळाली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तात्या आले, त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि रस्त्याला दुधाचा टेंपो गाठला. तो रोज बारामतीला जायचा. दुधाच्या कॅनांच्या मधे घोंगडं टाकून मला निजवलं, आई उशाशी बसली. कॅनं एकमेकांवर आपटत होती, त्या आवाजात माझं डोकं फुटत होतं आणि तरीही मला एकच गोष्ट लागून राहिली होती, की आता माझ्या जागी मंदीला घेतील. मंदी माझी मैत्रीण. पळायची बरी, पण वळताना अडखळायची.

बारामतीला टेंपोवाल्यानंच आम्हाला मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोर उतरवलं. बाई उंच होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझ्या पाठीवर बरगड्यांच्या खाली हलक्या हातानं ठोकलं आणि मी किंचाळले. मग त्यांनी आईला विचारायला सुरुवात केली. याआधी कधी झालं, किती वेळा, काय दिलं, गोळ्या पुऱ्या घेतल्या का. आई खाली बघून उत्तरं देत होती. औषध सुरू करण्याच्या आधी त्यांना माझी लघवी हवी होती आणि तीसुद्धा साधी नाही. नर्सनं मला उकळलेली बाटली दिली आणि शिकवलं, आधी स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची. तापानं फणफणलेली असूनही मला ते सगळं भारी वाटलं. माझ्या अंगातल्या ज्या गोष्टीचं घरात नाव काढायची चोरी, ती इथं बाटलीत धरून, वर माझं नाव लिहून, जपून नेत होते.

मला तिथं ठेवून घेतलं. सलाईन लागलं, सुया टोचल्या, रक्त नेलं, पोटाचा फोटो काढला. ताप उतरला तसा माझा जीव त्या खाटेवर रमेना. बाई सकाळी आल्या आणि आईला म्हणाल्या, लघवीत जंतू वाढलेत, औषध बदलायला हवं. मी पटकन विचारलं, जंतू आत आहेत हे तुम्हाला कसं कळलं, दिसले का? आईनं मला डोळे दाखवले. बाई मात्र माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, दाखवते."

सलाईनची सुई काढलेला हात छातीशी धरून मी त्यांच्या मागं गेले. तळमजल्यावर त्यांच्याच दवाखान्याची तपासणीची खोली होती. आत आंबूस उबट वास, जनावराच्या गोठ्यात बंद दार उघडल्यावर येतो तसा काहीसा. काचेच्या चपट्या वाट्या एकावर एक ठेवलेल्या. बाईंनी त्यातली एक उचलून उजेडासमोर धरली. आत खरवसासारखं काहीतरी थापलेलं होतं, लालसर रंगाचं, आणि त्यावर गुलाबी ठिपके दाटून आले होते, इतके की मधे बोट ठेवायला जागा नव्हती. बाई म्हणाल्या, "तुझ्या लघवीचा एक थेंब इथं पसरला होता. हे सगळं त्यातून आलंय."

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. भीती वाटायला हवी होती. पण मला वाटला तो नुसता आनंद, अंगावर काटा आणणारा. म्हणजे हे खरं होतं. मी तिखट खाल्लं म्हणून नव्हतं, उन्हात पळाले म्हणून नव्हतं. हे जिवंत होतं, वाढत होतं, याला रंग होता. दुसऱ्या वाटीत तर आणखीच नवल. पिवळसर थरावर जंतूंची साय धरली होती आणि त्यावर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवल्या होत्या. बाईंनी सांगितलं, प्रत्येक टिकलीत वेगळं औषध आहे. काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल पडला होता, तिथं जंतू मेले होते. काही टिकल्यांना मात्र जंतू अगदी चिकटून वाढले होते, औषधाला भीक न घालता. अशाच एका टिकलीवर बाईंनी बाहेरून नख ठेवलं. देवळीत उरणाऱ्या आमच्या गोळ्यांचं औषध ते. अर्धवट गोळ्या खाऊन खाऊन आम्ही त्या जंतूंना त्याची सवय लावून दिली होती. मग स्वच्छ गोलाची टिकली दाखवून म्हणाल्या, आजपासून हे. मी त्यांना एकामागून एक इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या स्टुलावर बसल्या. जंतू आले कुठून, या प्रश्नाचं उत्तर ऐकून तर मी थक्क झाले. बाहेरून नाही. ते आपल्याच आतड्यात राहतात, सगळ्यांच्या, आणि तिथं ते काही त्रास देत नाहीत. तिथून ते बाहेरच्या कातडीवर येऊन वस्ती करतात आणि मुलींच्या बाबतीत तिथून लघवीच्या पिशवीपर्यंतची वाट फार आखूड असते. पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली तर चुकून चढलेले वाहून जातात. कोंडून धरली तर त्यांना राहायला जागा मिळते, वाढायला वेळ मिळतो.

वर आल्यावर त्यांनी हेच सगळं आईला आणि दाराशी उभ्या असलेल्या तात्यांना सांगितलं. भरपूर पाणी. दर दोन-तीन तासांनी जायचं, लागली नसली तरी जायचं. घाई न करता पूर्ण बसायचं. धुताना हात पुढून मागं. पोट साफ राहिलं पाहिजे, म्हणून पालेभाज्या. बरी झाल्यावरही बरेच महिने रोज झोपताना थोडंसं औषध, आणि ते मधे सोडायचं नाही. आई सगळ्याला मान हलवत होती. दर दोन-तीन तासांनी म्हटल्यावर तिची मान थांबली. ती म्हणाली, "बाई, साळंत कुठं जाणार ती?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग आईनं कुलुपाचं सांगितलं, सुकडीच्या पोत्यांचं सांगितलं. पोरी पाणी न पिता जातात ते सांगितलं. आई एका दमात इतकं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. म्हणाल्या, "औषध मी देईन. पण ते कुलूप मला हितून उघडता येणार नाही." इतका वेळ शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून ते हितून ऐकलं आणि मला त्या एकदम जवळच्या वाटल्या.

मी शाळेत परत गेले ती गळ्यात पाण्याची बाटली अडकवून. तात्यांनी ती बारामतीहूनच घेतली होती, निळी, पट्ट्याची. वर्गात बसून मी घटाघट पाणी प्यायले तेव्हा मुली माझ्याकडं अशा बघत होत्या, जणू मी विष पितेय. दुसरा तास सुरू झाल्या झाल्या मी उभी राहिले. हेडगुरुजींचा गणिताचा तास होता. काय गं, म्हणाले. मी म्हणाले, "गुरुजी, मला लघवीला जायचंय. त्या खोलीचं कुलूप उघडता का?" मुलांच्या बाजूनं खसखस पिकली. माझे कान तापले, पण पाय हलले नाहीत. गुरुजी काही वाईट माणूस नव्हते. ते गोंधळले. किल्ली शिपायाकडं आहे, शिपाई इंदापूरला गेलाय, आत पाणी नाही, उघडलं तर घाण होईल आणि बोलणी मला खावी लागतील, असं काहीबाही त्यांनी सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "घरी जाऊन ये."

त्यांना वाटलं असेल, ही खाली बसेल. मी बाटली सावरली आणि पळत सुटले. मैदान, ओढा, मक्याचा पट्टा, उसाची कड, फाट्याचा पूल, वस्ती. घराच्या मागं तात्यांनी कडब्याच्या पेंढ्या बांधून आडोसा केला होता, मी बारामतीहून आल्यावर लगेचच. आत दगड मांडलेले, बाहेर पाण्याचं पिंप. आत्या दारात शेंगा फोडत होती, तिनं विचारलं, साळा सुटली व्हय? मी म्हटलं, नाही, लघवीला आले, आणि बाटली पुन्हा भरून तशीच परत पळाले. वर्गात शिरले तेव्हा गुरुजींचं उदाहरण फळ्यावर अजून सुटायचं होतं. दुपारी पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाईंनी सांगितलं होतं वेळ चुकवायची नाही, आणि गुरुजींनी सांगितलं होतं घरी जाऊन ये. मी दोघांचंही ऐकत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओढ्यापाशी मागून पावलं वाजली. मंदी. धापा टाकत म्हणाली, मी बी येते. तिनं त्या दिवशी सकाळी घरून पाणी पिऊन यायचं धाडस केलं होतं. वाटेत तिनं मला सांगितलं की तिलाही आग होते, कितीतरी दिवसांपासून, पण तिच्या घरी ते कुणालाच ठाऊक नाही. पळतापळता आम्ही त्यावर इतकं बोललो, आणि का कोण जाणे, इतकं हसलो. पुढच्या आठवड्यात मंदीच्या मागं तिची चुलत बहीण आली, मग पाचवीच्या पोरी आल्या. दुपारच्या वेळी मक्याच्या कडेनं निळ्या स्कर्टांची एक माळच्या माळ पळत जाताना दिसायची. बांधावरचे लोक थांबून विचारायचे, काय गं पोरींनो, कुणाचं काय झालं? आणि कुठल्यातरी पोरीचं उत्तर वाऱ्यावरून यायचं, लघवीला चाललोय. तो शब्द तोवर आमच्या जिभेवर इतका रुळला होता की त्याची लाज कुठं गळून पडली ते आम्हालाही कळलं नाही. आमच्या घरामागं रांग लागायची. आत्या, जिनं मला तिखट बंद केलं होतं, ती आता पिंपाशी तांब्या घेऊन उभी असायची आणि प्रत्येकीला बजावायची, "पुढनं मागं धुवायचं, डाक्टरीण म्हनलीय." माझ्याकडून ऐकलेली वाटीतल्या गुलाबी ठिपक्यांची गोष्ट ती पोरींना अशी सांगायची, जणू तिनं स्वतः बघितलेत.

एका दुपारी हेडगुरुजी सायकल हातात धरून आमच्या दारात उभे राहिले. वर्ग अर्धा रिकामा राहायला लागला होता. ते रागवायलाच आले असावेत. पण त्यांनी कडब्याचा आडोसा बघितला, रांग बघितली, रांगेतल्या पोरींनी त्यांना नमस्कार गुरुजी म्हटलं आणि जागा न सोडता उभ्या राहिल्या. आई मळ्यातून आली होती, हाताला चिखल तसाच. तिनं त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. मग तिनं विचारलं, "गुरुजी, तुमी दिसभर साळंत असता. तुमी कुठं जाता?"

गुरुजी खाली बघून म्हणाले, "जातो बांधाला."

"मग पोरींनी कुठल्या बांधाला जायचं, तेवढं सांगा."

आडोशाच्या आतून एका मुलीनं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. गुरुजींनी पाण्याची अडचण पुन्हा सांगितली, पण या वेळी सबब सांगितल्यासारखी नाही, खरोखर विचारल्यासारखी. आई म्हणाली, पाणी आम्ही आणतो, तुम्ही कुलूप काढा. तात्यांनी एवढंच म्हटलं, "बैलगाडी माझी."

कुलूप उघडलं त्या दिवशी शाळेत जत्रा भरल्यासारखी झाली होती. किल्ली गंजून बसली होती, शेवटी कोयंडाच दगडानं तोडला. सुकडीची पोती वर्गात गेली, बाकं मैदानात आली. आमच्या वस्तीवरच्या आणि गावातल्या बाया पदर खोचून आल्या होत्या, फरशी खराट्यानं घासत होत्या. तात्यांच्या गाडीवरचं पिंप डुचमळत होतं. गोट्या खेळणारी पोरंसुद्धा बादल्या वाहायला लागली, कुणी सांगितलं नसताना. सगळ्यांत आधी आत कोण जाणार यावरून पोरींत भांडण जुंपलं आणि शेवटी पाचवीतली एक चिमुरडी आम्हाला ढकलून आत घुसली. ती बाहेर आली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आज लिहितानाही हसू येतं, लघवी करून आलेल्या पोरीला टाळ्या. पण तिनं त्या अशा रुबाबात घेतल्या, की काय सांगू. इंदापूरचे सामने तोवर होऊन गेले होते. पुढच्या वर्षी मात्र मंदी आणि मी दोघीही संघात होतो. दुसऱ्याच फेरीत हरलो, आणि मला ते हरणं अजिबात टोचलं नाही, कारण त्या सगळ्या सामन्यात मी फक्त खेळत होते, पोटातला दगड सांभाळत नव्हते.

औषधाचे महिने संपले तसं बाईंनी पुन्हा बोलावलं. बाटली, मधली धार, सगळं पुन्हा. वाटीत काय उगवतंय ते दिसेपर्यंत आम्हाला बारामतीत मुक्कामच करावा लागला, तात्यांच्या ओळखीच्या माणसाकडं. मला झोप म्हणून लागेना. सकाळी बाईंनी मला खाली नेलं नाही, वाटीच वर मागवली आणि माझ्या हातात दिली. लालसर थर नितळ होता. मी तो तिरका करून बघितला, उलटा करून बघितला. एकही ठिपका नाही. तात्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, काही आलं नाही म्हणजे चांगलंच ना? बाई म्हणाल्या, अगदी चांगलं. मग आईकडं वळून म्हणाल्या, आता काळजी नाही, सवयी सोडू नका, काही वाटलं तरच या.

मी उठले. तात्यांनी पटका सावरला आणि दार उघडलं. आई खुर्चीतून उठलीच नाही. तिनं दाराकडं बघितलं, ते तात्यांना कळलं, ते बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मी मात्र तिथंच राहिले, आणि तिनं मला जा म्हटलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "बाई, मला बी हाय. लगीन झाल्यापासनं हाय."

बाईंनी तिला एक शब्दही सुनावला नाही, इतके दिवस का बोलला नाहीत असंही विचारलं नाही. मी मोठ्यांची डॉक्टर नाही, पण तपासून तर घेऊ, म्हणाल्या. त्यांनी ट्रेमधली एक रिकामी बाटली उचलली, चिकटपट्टी लावली, पेन काढलं आणि नाव विचारलं. आमच्या वस्तीवर आईला कुणी नावानं हाक मारत नसे. ती इमलची, म्हणजे माझी, आई होती, वहिनी होती, सूनबाई होती. तिनं घसा साफ केला आणि सांगितलं, पारूबाई. बाईंनी लिहिलं. बाटली हातात घेऊन आई उभी राहिली, लाजली, आणि माझ्याकडं बघून विचारलं, काय करायचं असतं गं? मी तिचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर नेलं. वाटेत एका दमात सगळं सांगत होते, आधी धुवायचं, पहिली सोडायची, मधली धरायची, आणि आई माझ्या मागं, आयुष्यात दुसऱ्यांदा, पळत येत होती.